पाळण्यातले मामाजी

कारधा, ता. भंडारा
१४ नोव्हेंबर १९८०

तीर्थरूप शकुताई यांस,

भावजय सुलोचनाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. साकोलीला तुमच्या गुडघ्यांची, आमच्या जावईबापूंच्या दुकानाची, सुनेची आणि दसऱ्याला घरात आलेल्या नव्या नातवाची तब्येत चांगली असेल असं धरून चालते. इकडे आम्हीही ठीक. म्हशीचा पाय बरा झाला, धान कापून खळ्यावर आलं, तुमच्या भावाचा खोकला होता तिथेच आहे. तुमचे बाबा, म्हणजे माझे मामाजी, जे मागच्या कार्तिकात वारले आणि ज्यांना तुम्ही-आम्ही सगळ्यांनी रडत-भेकत वैनगंगेवर पोचवलं, तेही खुशाल आहेत. दूध पितात, मुठी चोखतात, दुपारी छान झोपतात. काल त्यांनी सख्ख्या बहिणीच्या, गिरजाआत्यांच्या, नव्या लुगड्यावर शू केली. आत्यांनी ते लुगडं अजून धुवायला टाकलेलं नाही.

साकोलीच्या बसमधून तुमच्यापर्यंत काहीबाही पोचलंच असेल (आपल्या गावची बातमी बसच्या टपावर बसून जाते, तिला तिकीट लागत नाही), पण ते अर्धवट असणार. म्हणून सगळं नीट लिहायला बसले आहे. अंतर्देशीय पत्रात हे मावणार नाही हे ओळखून यांच्याकडून पाकीट मागवलं. तुमचं पत्र मागच्या आठवड्यात मिळालं. त्याच्या अगदी कोपऱ्यात, पत्ता लिहायच्या जागेजवळ, बारीक अक्षरात तुम्ही नातवाविषयी जे विचारलंत ते मी वाचलं आहे. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी दिलं तर तुम्हाला माझं डोकं फिरलं असं वाटेल.

तर भाद्रपदात आपल्या सुनेला, निर्मलाला, तिसरी मुलगी झाली. त्या दिवशी पुलावर पाणी होतं, भंडाऱ्याला नेता आलं नाही, म्हणून बेबीबाई सुईणीलाच बोलावलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. पण बेबीबाईंनी बाहेर येऊन जे सांगितलं ते अशा आवाजात, जणू कोणाची शेळी त्यांच्या हातून हरवली. तुमचे भाऊ ओसरीवर बसले होते, ते उठून बैल पाहायला गेले. (बैल खुंट्यालाच होता. रोज असतो.) जागेश्वर माझा मुलगा असला तरी खरं लिहिते, तो नुसता माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. चहा घेतोस का विचारलं तरी तो असाच माझ्या तोंडाकडे पाहतो. आईंनी, म्हणजे तुमच्या आईंनी, भिंतीकडे तोंड केलं आणि तांदूळ निवडायला घेतले. बोलल्या फक्त गिरजाआत्या. त्या निर्मलाच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहून, कोणी काही विचारलेलं नसताना, मला म्हणाल्या, "पवनीले माया दिराची नात आहे ना, तिचं अजून कोठं जमलं नाही म्हने. पोट्टी कामाची आहे. चार भाऊ आहेत तिले."

चार भाऊ आहेत हे मुलीचं शिक्षण सांगावं तसं सांगितलं. निर्मलानं ते ऐकलं. ऐकावं म्हणूनच ते सांगितलेलं होतं. नंतर मी तुमच्या भावांना म्हटलं की दुसरी बायको करायला सरकारची बंदी आहे, तर हे म्हणाले, "कायदा भंडाऱ्यापर्यंत आहे. पूल ओलांडून येत नाही तो." त्यांना स्वतःचं हे बोलणं इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत आणखी दोघांना ऐकवलं. ठरलं असं की सव्वा महिना झाला की निर्मलाला तिन्ही मुलींसह माहेरी पोचवायचं आणि मग पुढचं पाहायचं. पुढचं म्हणजे काय, ते कोणी उच्चारलं नाही. आपल्या घरात वाईट गोष्टी अशाच ठरतात, कोणी न उच्चारता. निर्मला खोलीत पडल्या पडल्या थोरल्या दोघींच्या वेण्या घालत होती. तिनं त्या इतक्या घट्ट घातल्या की पोरींचे डोळे ताणले गेले. पण त्याही काही बोलल्या नाहीत. आमच्या घरातल्या मुली बोलायच्या आधी न बोलायला शिकतात.

पाचवीला बेबीबाईंनी बाळाला न्हाऊ घालायला पायांवर पालथं घेतलं आणि उजेडात पहिल्यांदाच सगळ्यांना दिसलं. कमरेच्या खाली, बैठकीवर, चांगला तळहाताएवढा निळा डाग. जांभूळ चुरडल्यासारखा. बाळाला काही त्याचं दुःख नव्हतं, ती मजेत पाय झाडत होती. बेबीबाई काहीतरी बोलायला तोंड उघडणार तोच आईंनी त्यांना म्हटलं की तुमचा चहा निवून राहिला, आधी ओसरीवर जाऊन पिऊन या. मला तेव्हा नवल वाटलं, कारण चहा अजून चुलीवर होता.

बेबीबाई गेल्या आणि गिरजाआत्यांनी सूत्रं हातात घेतली. तुम्हाला ठाऊकच आहे, आत्यांना स्वतःचं लेकरू नाही, त्या विसाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी परत आल्या, पण लेकरांच्या दुखण्यावर त्यांच्याइतकी औषधं गावात कोणाला येत नाहीत. (औषध लागलेली लेकरं मोठी होऊन त्यांना रस्त्यात पाहिलं की अजून गल्ली बदलतात.) आधी त्यांनी कारण शोधलं. कारण निर्मलाच होती. माघात ग्रहण लागलं तेव्हा निर्मलाला दिवस गेलेले होते. आपण तिला दिवसभर अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवलं होतं, सुई नाही, विळी नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. तरीही तिनं त्या दिवशी कंबर खाजवली होती, हे आत्यांना आत्ता आठवलं. मी विचारलं, अंधाऱ्या खोलीत तुम्हाला कसं दिसलं? म्हणाल्या, "आवाज आला."

मग उपाय. पहिल्या दिवशी डाळीचं पीठ आणि साय चोळली. डाग आणखी चमकला. दुसऱ्या दिवशी हळद लावली, तर निळ्यावर पिवळं बसून डाग हिरवा झाला आणि घरात नवी घबराट. तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाल्या, हे आतलं दुखणं आहे, वरच्या लेपानं जायचं नाही, बिब्बा आणा. ताई, बिब्बा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. जागेश्वरच्या मित्राच्या पोटावर अजून त्याचे डाग आहेत, पोटशूळ कधीच गेला. दिव्यावर सुई तापवली. बिब्बा सुईला टोचला, त्याचं तेल चरचरायला लागलं. आठ दिवसांचं पोर पालथं पडून माझ्या बोटाशी खेळत होतं. निर्मला खोलीतून उठून दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली, कारण तिला पुढे यायचा हक्क आहे की नाही हे आता तिला ठाऊक नव्हतं. मी पुढे झाले, पण मलाही नीटसं ठाऊक नव्हतं. एवढ्यात आईंनी तांदळातून मान वर केली. त्या गिरजाआत्यांना कधी काही विचारत नाहीत. उभ्या जन्मात नणंदेपुढे त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. अगदी सावकाश म्हणाल्या, "बाई, तुमी भावाच्या अंगाले काजळी लावली होती ना? कोन्या जागेवर लावली होती ती?"

आत्यांच्या हातातला बिब्बा हातातच राहिला.

तुम्हीही तिथे होतात त्या दिवशी. मामाजींना आंघोळ घालून पुरुषमंडळी बाहेर नेणार, त्याआधी आत्यांनी तव्याखालची काजळी बोटांवर घेऊन त्यांच्या पाठीला फासली होती. जीव पुन्हा याच घरात आला तर खूण पटावी म्हणून. आपल्याकडे करतातच. फक्त नंतर कोणी ती खूण शोधत बसत नाही, कारण तोपर्यंत वाटण्या झालेल्या असतात आणि माणूस परत आलेला कोणालाच परवडत नाही. आत्या आठवायला लागल्या. पाठीला लावली होती. म्हणजे कमरेला. म्हणजे खालीच जरा. आईंनी फक्त हुंकार भरला. मग आत्यांनी बोटांवर महिने मोजले, कार्तिक ते भाद्रपद, आणि ते बरोबर बसले, म्हणजे आत्यांनी बसवले. त्या एकदम उठल्या, सुई चुलीत टाकली, आठ दिवसांच्या बाळाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडायला लागल्या, "भाऊ, तुमी आले. अन मी तुमाले डागाले निघाली होती."

तिथून पुढे आमच्या घराचं जे काही झालं ते मी शक्य तितकं थोडक्यात लिहिते, जरी थोडक्यात लिहिणं मला जमत नाही असं तुम्ही नेहमी म्हणता.

माहेरी पाठवायची गोष्ट त्याच दिवशी बंद झाली. मामाजींना त्यांच्या घरातून कोण पाठवणार? पवनीची चार भावांची बहीण पुन्हा कोणाच्या तोंडी आली नाही. निर्मलाच्या ताटात डिंकाचे लाडू आले. पहिल्या दोन बाळंतपणांत जो डिंक महाग झालेला होता तो एकाएकी घरातच डब्यात सापडला. तुमचे भाऊ पाळण्यासमोर मांडी घालून ताठ बसतात. तंबाखूचा खर्रा खायचा असला की परसात, तुरीच्या आडोशाला जातात, जसे मामाजी असताना जायचे. वर्षभर हे बिनधास्त ओसरीवर थुंकत होते, आता पुन्हा लपून थुंकतात, आणि मला तर वाटतं त्यांना यात बरंच वाटतं. धान निघालेल्या बांध्यांमध्ये यंदा लाखोरी टाकायची की जवस, हे त्यांनी पाळण्याला विचारलं. पाळण्यातून शिंक आली. जवस रद्द झाली. गोपीचंद सावजींना बैल विकायचा की नाही तेही विचारलं, तेव्हा बाळानं असा काही आवाज केला आणि असा काही वास आला की सावजी बाजारभाव न सांगताच निघून गेले.

माझी पंचाईत मात्र कोणी लक्षात घेत नाही. ज्या माणसासमोर मी पंचवीस-सव्वीस वर्षं मान वर केली नाही, ज्यांचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, त्यांचे लंगोट आता मी नदीवर धुते. पदर घेऊन धुते. एकदा पदर घ्यायचा विसरले तर गिरजाआत्यांनी टोकलं, "सुलोचना, मोठं मानूस आहे ते." मोठं माणूस माझ्या मांडीवर उताणं पडून स्वतःच्या पायाचा अंगठा शोधत होतं.

त्यात पुरावे रोज वाढत होते. टाळूवर पिवळसर खपल्या धरल्या, तर आत्या म्हणाल्या, भाऊंच्या डोक्यात असाच कोंडा होता. नाकावर पांढरे मोहरीएवढे दाणे उठले, तर भाऊंच्या नाकावरही पुटकुळ्या होत्या. मानेच्या मागे, केसांच्या मुळाशी एक लाल चट्टा आहे, रडली की गडद होतो. तिथे भाऊ तापले की लाल व्हायचे, हे तर गावानंच पाहिलेलं आहे. आश्विनाच्या उन्हात तिला घामोळं आलं (येणारच, चार झबली आणि वर दुलई), तर भाऊंनाही उन्हाळा सोसत नव्हता म्हणे. कातडीवर उठणारी एकही गोष्ट राहिली नाही जी मामाजींच्या खात्यात जमा झाली नाही. मला तर वाटायला लागलं की त्या गरीब माणसाच्या अंगावर जन्मभर इतकं काही होतं आणि मी कधी पाहिलंच नाही. पाहणार कशी, मान खाली.

आईंचं एक सांगायचं राहिलं. सुरुवातीला त्याही पाळण्यापुढे डोक्यावर पदर घ्यायच्या, दबकून चालायच्या. मग एक दिवस मी दुपारी शेतातून लवकर आले. घरात कोणी नव्हतं, निर्मला थोरल्या दोघींना घेऊन विहिरीवर गेलेली. आई पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या आणि बोलत होत्या. पदर खांद्यावर होता. मी दाराबाहेरच थांबले. शकुताई, त्यांनी त्यांच्या लग्नापासून सुरुवात केली होती. कोणत्या सणाला कोणतं लुगडं आणायचं कबूल करून आणलं नाही, तुमच्या वेळी बाळंतीण असताना ताटातली भाजी कशी फेकली, माहेरचा माणूस आला तेव्हा कसं पाणीसुद्धा विचारलं नाही, सगळं क्रमानं, न रडता, तांदूळ निवडावे तसं एकेक खडा काढून. पाळण्यातून डोळे टक्क उघडे ठेवून ऐकणं चाललं होतं. मध्येच बाळानं कुरकुर केली तर आई म्हणाल्या, "चूप. माह्यं झालं नाही अजून." आणि ते चूप झालं. मला हसायला आलं आणि मग आलं नाही. मी पाय न वाजवता परसातून फिरून आले. आता त्या रोज दुपारी बसतात. कालपर्यंत पहिल्या पाच-सहा वर्षांचा हिशेब संपला असावा.

आता डॉक्टरीणबाईंकडे येते. बाळाला सुई टोचायची होती, पूल मोकळा झाला होता, म्हणून मी आणि निर्मला भंडाऱ्याला गेलो. एक तरुण मुलगी आहे, नवीनच आली आहे, पण हात हलका. मी म्हटलं आलोच आहोत तर अंगावरचं सगळं दाखवून घेऊ. तिनं बाळाला उघडं केलं, उलटं केलं, खिडकीशी नेलं आणि मामाजींचे पुरावे एकेक करून मोडीत काढले. टाळूवरच्या खपल्या पुष्कळ बाळांना असतात, नखानं काढू नका, तेल लावून मऊ होऊ द्या आणि धुऊन टाका. नाकावरचे दाणे दाबू नका, आपोआप जातात. मानेवरचा लाल चट्टा निरुपद्रवी आहे, फिका पडेल, नाही पडला तर केसांखाली झाकेल. घामोळ्याला पावडरीचे थर नकोत, कपडे कमी करा. आणि निळा डाग? ती हसली. म्हणाली, आपल्याकडच्या बहुतेक लेकरांना हा असतो. रंग कातडीच्या खालच्या थरात राहून जातो, म्हणून निळा दिसतो. मार नाही, दुखणं नाही, ग्रहण तर नाहीच. शाळेत जाईपर्यंत पुसून जाईल. काही लावू नका, काही चोळू नका, कोणी डागायला निघालं तर त्याला माझ्याकडे पाठवा. डाग फुगला, त्यातून रक्त आलं किंवा ताप असताना अंगावर नवीन डाग उठले तर मात्र लगेच आणा. एवढं सांगून तिनं कागदावर काहीच लिहिलं नाही. मी आतापर्यंत पाहिलेली ही पहिली डॉक्टर जी औषध न देता पेशंटला उठवते. गावात तिचं चालायचं कठीण आहे.

मी खूश. पण निर्मला उठेना. बाळाला पोटाशी धरून बसून राहिली. मग खाली पाहत हळूच म्हणाली, "बाई, हा राहावा म्हनून काही औषध आहे का?"

डॉक्टरीणबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. जावा म्हणून? निर्मला म्हणाली, नाही, राहावा म्हणून. जाऊ नये. त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मी बाहेरच्या कडुलिंबाकडे पाहिलं. तिच्या सगळ्या शिकण्यात हा रोग नसावा. डाग जावा म्हणून रडणाऱ्या आया तिनं रोज पाहिल्या असतील. शेवटी म्हणाली, नाही, असं औषध नाही. निर्मला "बरं" म्हणाली आणि बाळाला झबलं घातलं. परतताना पुलावर तिनं मला विचारलं, "शाळेत म्हंजे बालवाडीत का पहिलीत?" मी म्हटलं, पहिलीत. मला काय ठाऊक. पण तिला तेवढीच दोन वर्षं जास्त मिळाली.

घरी आल्यावर मी आईंना सहज विचारलं, जागेश्वरला लहानपणी असा निळा डाग होता का हो? मला आठवत नाही, कारण माझ्या लेकराला न्हाऊ घालायचा मान तुमच्या आईंचा होता. मी आपली दूध पाजण्यापुरती, तेही पदराखाली, अंधारात. आई म्हणाल्या, "इतक्या वर्साचं कोनाले आठवते." मी विषय सोडला. मनात म्हटलं, या घरात शहाण्यासारखं बोलणारं कोणी नाही, आणि खरं सांगून काही मिळवायचंही नाही. कारण पाहा ना, त्या शिकलेल्या मुलीनं सांगितलं की काही लावू नका, काही चोळू नका, आणि आमच्या घरात तिच्या शब्दाचं जितकं पालन होत आहे तितकं जिल्ह्यात कुठे होत नसेल. मामाजींच्या अंगाला बोट लावायची कोणाची छाती आहे? बेसन गेलं, हळद गेली, उरलेले बिब्बे पुन्हा अडकित्त्याच्या डब्यात गेले. सगळ्या अडाणीपणाचा परिणाम असा की लेकरू अगदी शास्त्राप्रमाणे वाढतं आहे.

आता आमंत्रण, ज्यासाठी हे पत्र आहे. कार्तिक वद्यात मामाजींचं वर्षश्राद्ध येतं. जो माणूस पाळण्यात आहे त्याचं वर्षश्राद्ध करायचं की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. तुमचे भाऊ म्हणाले, करायचं नाही, अपमान होईल. आत्या म्हणाल्या, करायचं, पण पाळणा शेजारी नेऊन ठेवायचा, म्हणजे भाऊंना काय वाढलं ते दिसेल. गुरुजींना विचारलं तर त्यांनी दोन्हीकडचं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, श्राद्धही करा आणि दुसऱ्या दिवशी बारसंही करा, जेवायला मी दोन्ही दिवस येतो. तर तसं ठरलं आहे. जागेश्वरला बहीण नाही, तेव्हा पाळण्याशी बसून नाव ठेवायचा मान तुमचा. तुमच्या भावांच्या मनात मामाजींच्या नावावरून पुंडलिका ठेवायचं आहे. ते नाव ठेवलं तर मी, निर्मला आणि आई, तिघींना तिला जन्मभर हाक मारता येणार नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. तुम्ही चांगलं नाव शोधून आणा. साधं, मुलीचं. डाग गेल्यावरही तिला पुरेल असं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तुमच्या बाबांकडून तुम्हाला काय द्यायचं ते कळत नाही. लेक म्हणून आशीर्वाद, की आजी म्हणून नमस्कार? दोन्ही घ्या.

तुमची,
सुलोचना

ता. क. – येताना साकोलीच्या बाजारातून थोडी चारोळी आणा. बारशाच्या खिरीला हवी आहे.

ता. क. – आता तुमच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांकडे. नातवाच्या कमरेखाली निळा डाग आहे, औषध विचारून कळव, असं तुम्ही लिहिलंत. औषध काही नाही, वर सगळं आलंच आहे. कोणाला काही लावू देऊ नका, चार-पाच वर्षांत जाईल. पण शकुताई, जरा विचार करा. तो तुमचा नातू, म्हणजे मामाजींच्या लेकीचा नातू. आणि मुलगा. गिरजाआत्यांनी तो डाग एकदा पाहिला की मामाजींना बिऱ्हाड हलवायला वेळ लागायचा नाही. मुलगा होऊन यायची सोय असताना भाऊ मुलगी कशाला होतील, असं आत्या म्हणतील, आणि तुमचे भाऊ मान डोलवतील. साकोलीत तुमच्या सुनेचं काही अडलेलं नाही, तिला पहिलाच मुलगा झाला. इकडे निर्मलाची मुलगी मात्र जेवढी होती तेवढीच उरेल, तिसरी. डिंक पुन्हा महाग होईल. पवनीच्या पोरीचं अजून कुठे जमलेलं नाही, मी चौकशी केली. म्हणून हात जोडून मागते. दोन दिवस त्याचा लंगोट कोणासमोर सोडू नका. आंघोळ साकोलीहूनच घालून आणा. त्याला सर्दी आहे असं सांगू. बदलायचं झालं तर माझ्या खोलीत, दार लावून. नाव कोणतंही आणलंत तरी चालेल, चारोळी विसरलात तरी चालेल, एवढं करा. आणि हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घाला.

ता. क. – पाकिटाला खळ लावत होते तेवढ्यात आई जवळ येऊन बसल्या. त्यांना वाचता येत नाही, तरी मी उगीच हात झाकला. कोणाले लिवून राहिली, म्हणाल्या. म्हटलं, शकुताईंना, बारशाचं. थोडा वेळ तांदूळ निवडले आणि म्हणाल्या, "तिले लिव, पोराले झबलं लांब घालून आन." मी विचारलं, काहून? म्हणाल्या, थंडी आहे. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले, तेव्हा सूप खाली ठेवलं. "तुया जागेश्वरलेबी होता. शकूलेबी होता, मोठ्ठा. साऱ्यायलेच असते. बेबीबाई बोलून देत होती ते. गिरजाबाईनं बिचारीनं कधी लेकरू न्हाऊ घातलं, तिले कोठचं माहीत." मी विचारलं, मग तुम्ही रोज दुपारी पाळण्याशी बोलता ते कोणाशी? आईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "त्यायलेच बोलतो," म्हणाल्या. "आता मधात बोलत नाही ना." झबलं लांबच आणा, शकुताई.